चंद्रपूर ते हेमलकसा : एका दिवसाचा हिशेब



चंद्रपुराहून पहांटे मोटारीनें निघावें, हेमलकसा पाहावें आणि त्याच रात्रीं चंद्रपुरास परत यावें, असा बेत अलीकडे नागपूर, पुणें, मुंबई येथील पुष्कळ कुटुंबें करूं लागलीं आहेत. लोकबिरादरी प्रकल्पाचें नांव आतां घरोघरीं ठाऊक आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, २०१४ सालीं चित्रपट निघाला, आणि शाळकरी मुलांनाहि हें गांव परिचयाचें झालें. तेव्हां हा बेत एका दिवसांत तडीस जाईल काय, हा प्रश्न कोणालाहि पडावा. माझें उत्तर ‘जाईल’ असें आहे; मात्र शहरांत आपण प्रवासाचा हिशेब ज्या रीतीनें करतों त्या रीतीनें केला तर जाणार नाहीं. शहरांतला मनुष्य अंतर मोजतो आणि निघण्याची वेळ ठरवितो. अरण्यांतल्या वाटेवर परत फिरण्याची वेळ आधीं ठरवावी लागते आणि बाकीचा सगळा दिवस तिच्यापासून मागें मागें मोजीत न्यावा लागतो.

प्रथम वाट पाहूं. चंद्रपूर, म्हणजे १९६४ पर्यंतचें चांदा, सोडल्यावर बल्लारपूर लागतें. तेथून कोठारी, गोंडपिंपरी करीत आपण आष्टीजवळ वैनगंगा ओलांडतों आणि गडचिरोली जिल्ह्यांत शिरतों. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. त्यापूर्वीं भामरागडकडील माणसाला जिल्ह्याच्या कचेरीचें काम पडलें तर ही सबंध वाट तुडवून चंद्रपूर गांठावें लागे. आष्टीच्या खालच्या अंगास वर्धा व वैनगंगा यांचा संगम होतो आणि तेथून पुढें त्या जोडप्रवाहास प्राणहिता म्हणतात. चपराळ्याचें अभयारण्य याच कोपऱ्यांत आहे. आष्टीहून आलापल्लीकडे जातांना सागाचें रान हळूहळू दाट होत जातें. चंद्रपूर ते आलापल्ली हें अंतर सुमारें ११५ ते १२० किलोमीटर भरतें, आणि आलापल्लीहून हेमलकसा आणखी ६० किलोमीटर. भामरागड हें तालुक्याचें गांव हेमलकशाच्या पुढें अवघ्या तीन किलोमीटरांवर आहे. म्हणजे एका बाजूचा प्रवास १८० किलोमीटरांच्या आंतबाहेर. गडचिरोलीहून येणारांना चामोर्शीवरून आष्टीस हीच वाट मिळते.

१८० किलोमीटर हा आंकडा मोठा फसवा आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाची संवय असलेला गृहस्थ म्हणेल, अडीच तासांचें काम! पण १८० किलोमीटरांची ही वाट एक नसून दोन आहेत, आणि दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. पहिले १२० किलोमीटर ताशीं ५० च्या सरासरीनें धरा; दोन तास २४ मिनिटें झालीं. शेवटचे ६० किलोमीटर ताशीं ३० च्या सरासरीनें धरा. दोन तास झाले. म्हणजे वाटेचा तिसरा हिस्सा जवळजवळ निम्मा वेळ खातो. आतां गंमत पाहा. पहिल्या भागांत ५० च्या जागीं ६० ची सरासरी गांठण्यासाठीं मोटार हांकणारानें जिवाचें रान केलें, सारीं वळणें आणि सारीं गांवें घाईनें मागें टाकलीं, तर वांचतात फक्त २४ मिनिटें. तींच २४ मिनिटें घरून थोडें लवकर निघाल्यानें विनासायास मिळतात.

ताशीं ३० हा वेग ऐकून कोणी हंसेल. परंतु आलापल्लीच्या पुढची वाट अरुंद आहे, वळणाची आहे, आणि तिचा एक टप्पा गुळगुळीत असला तरी पुढचा टप्पा तसाच असेल असें धरून चालतां येत नाहीं. नाल्यांवरचे पूल आहेत, गुरें आहेत, समोरून एस. टी. आली कीं एका बाजूचें चाक मातींत उतरवावें लागतें. कांहीं लोकांना हे ६० किलोमीटर दीड तासांत पार करतां येतात. त्यांनीं तसें खुशाल करावें. बेत आंखतांना मात्र दोनच तास धरावे. वांचलेला अर्धा तास हेमलकशास सत्कारणीं लागतो, कमी पडलेला अर्धा तास परतीच्या अंधारांत भरून द्यावा लागतो. मोबाइलवरील नकाशा जो वेळ दाखवितो त्यावरहि येथें विसंबूं नये. तो नकाशा रस्त्यावरील इतर लोकांच्या फोनवरून वाहतुकीचा वेग ताडतो. जेथें वाहनें विरळ आणि फोनची लहर मध्येंच नाहींशी होणारी, तेथें त्याला ताडण्यासारखें फारसें कांहीं मिळतच नाहीं.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. आपण सगळे एकाच घड्याळानें चालतों, पण सूर्य त्या घड्याळाला जुमानीत नाहीं. भारतीय प्रमाण वेळ साडेब्यांशी अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई ७३ अंशांच्या जवळ, तर हेमलकसा साडेऐंशी अंशांच्या जवळ. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. म्हणून मुंबईपेक्षां हेमलकशास सूर्य सुमारें अर्धा तास आधीं उगवतो आणि सुमारें अर्धा तास आधीं मावळतो. डिसेंबरच्या मध्यास मुंबईकर सहाच्या सुमारास सूर्यास्त पाहतो. हेमलकशास तो साडेपांचलाच आटोपलेला असतो. उंच झाडांच्या रानांत तर रस्त्यावरचा उजेड त्याच्याहि आधीं जातो. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यास हें ठाऊक नसतें असें नाहीं, पण त्याच्या अंगवळणीं पडलेलें नसतें. साडेचार वाजले कीं ‘अजून पुष्कळ दिवस आहे’ असें त्याचें मन सांगतें, आणि तें मन मुंबईच्या सूर्यावर चालत असतें.

म्हणून हिशेब संध्याकाळपासून उलटा मांडावयाचा. हिवाळ्यांत आलापल्लीस पांच वाजतां, म्हणजे उजेड असतांनाच, परत पोंचलें पाहिजे. मध्यें दोन तास वजा केले कीं हेमलकसा तीन वाजतां सोडणें आलें. तेथें निदान साडेतीन तास हवेत. तेव्हां साडेअकरापूर्वीं पोंचलें पाहिजे. त्यासाठीं आलापल्लीहून सव्वानऊला निघावें, तेथें चहाफराळाला अर्धा तास द्यावा, म्हणजे आलापल्लीस पावणेनऊला येणें आलें, आणि चंद्रपूर सहाच्या सुमारास सोडणें आलें. डिसेंबरांत त्या वेळीं अजून उजाडलेलें नसतें. पण बल्लारपूरपर्यंतचा रस्ता वर्दळीचा आहे आणि आष्टीच्या कितीतरी अलीकडे चांगलें फटफटतें. परतीस आलापल्लीच्या पुढचे अडीच-तीन तास अंधारांत जातील. ते मोठ्या रस्त्यावरचे असल्यामुळें निभावून नेतां येतात. एकूण दिवस सुमारें चौदा तासांचा, त्यांत नऊ-साडेनऊ तास गाडींत. घरांत म्हातारीं माणसें किंवा तान्हीं मुलें असतील तर हा बेत मला पसंत नाहीं. त्यांनीं आदल्या रात्रीं आलापल्लीस किंवा अहेरीस मुक्काम करावा, म्हणजे सहलीचा दिवस १२० किलोमीटरांचा होतो आणि सुखाचा होतो. नागपुराहून एका दिवसांत जाऊन येण्याचा विचार तर कोणींच करूं नये. चंद्रपूरपर्यंतच दोन्ही बाजूंनीं दीडदीडशें किलोमीटर अधिक पडतात.

अंधाराचें एवढें स्तोम कशासाठीं, असें कोणी विचारील. वाघाच्या किंवा इतर कसल्या भीतीनें मी हें सांगत नाहीं. साध्या गणितानें सांगतों. ताशीं ६० च्या वेगानें मोटार एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर जाते. रस्त्यावर कांहीं दिसलें, तें काय आहे हें उमगलें आणि पाय ब्रेकवर गेला, यांत दीड सेकंद सहज जातो; म्हणजे २५ मीटर. नंतर कोरड्या डांबरावर गाडी थांबावयास आणखी २० मीटर. एकूण ४५ मीटर. मोटारीच्या खालच्या झोताचा उजेड मात्र साधारण ३० ते ४० मीटर पडतो. म्हणजे ६० च्या वेगानें जाणारा मनुष्य रात्रीं आपल्या उजेडाच्या पलीकडे धांवत असतो. जें दिसेल तें थांबण्यापूर्वींच गांठलें जाणार. ताशीं ४० च्या वेगानें हेंच अंतर २६ मीटरांवर येतें आणि उजेडाच्या आंत राहतें. रस्त्यावर खडी पसरलेली असली तर ब्रेकनंतरचें अंतर पुष्कळच वाढतें. समोरून गाडी आल्यावर मोठा झोत खालीं घ्यावाच लागतो, आणि नेमक्या त्या क्षणीं कडेनें चालणारा मनुष्य दिसेनासा होतो. हरणाचे डोळे निदान उजेडांत चमकतात. काळ्या म्हशीचें पाठमोरें अंग, दिवा नसलेली सायकल, बाजाराहून परतणारी बाई यांचें कांहींच चमकत नाहीं. या वाटेवरचे लोक पायींच चालतात. वाट त्यांची आहे. तिचा उपयोग ते आपल्या आधीं पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत.

आष्टी-आलापल्ली या टप्प्यावर दिवसाहि एक वेगळी सावधगिरी हवी. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक अलीकडच्या वर्षांत या बाजूनें मोठ्या संख्येनें धांवूं लागले आणि रस्त्याची व त्यावरील धुळीची कळा त्यांनीं बदलून टाकली. अशा ट्रकाच्या मागें अर्धा तास राहिलें कीं भल्या माणसाचाहि संयम सुटतो. परंतु ट्रक ताशीं ४० नें जात असेल आणि आपण ६० नें त्यास मागें टाकूं पाहत असूं, तर त्याच्या मागून निघून पुढें सुरक्षित अंतरावर येण्यास सुमारें दहा सेकंद लागतात. तेवढ्यांत आपण १६५ मीटरांहून अधिक जातों, आणि समोरून त्याच वेगानें येणारी गाडीहि तितकीच जवळ येते. म्हणजे सव्वातीनशें मीटरांहून अधिक रस्ता मोकळा दिसत असेल तरच ओलांडावें. धुळीच्या लोटांत तो इतका दिसत नाहीं. अशा वेळीं एखाद्या टपरीवर उतरून चहा घ्यावा आणि ट्रकास जाऊं द्यावें. ट्रक पुढें जातो, धूळ बसते, आणि गाडींतल्या माणसांचेंहि पाय मोकळे होतात.

आतां नद्यांविषयीं. या मुलखांत प्रवासाचा खरा पंचांगकर्ता नदी आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत एका दिवसाच्या सहलीचा बेत करूंच नये, असें मी स्पष्ट सांगेन. त्याचें कारण नुसता पाऊस हें नव्हे. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यांत पवनीजवळ गोसीखुर्दचें धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले कीं खालीं आष्टीकडे पाणी चढतें, मग आष्टीस आभाळ निरभ्र कां असेना. तिकडे भामरागडास तर तीन नद्या भेटतात. पर्लकोटा आणि पामुलगौतम या इंद्रावतीस येऊन मिळतात. इंद्रावती उगम पावते ओडिशांत, बस्तरमधून वाहत येते आणि पुढें सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर गोदावरीस मिळते. बस्तरांत मोठा पाऊस झाला कीं इंद्रावती फुगते. मग पर्लकोटेच्या पाण्याला पुढें वाव मिळत नाहीं, तें मागें तुंबतें, आणि हेमलकसा व भामरागड यांच्यामधला पूल बुडतो. याला फुगवट्याचें पाणी म्हणतात. २०१९ च्या पावसाळ्यांत भामरागडची बाजारपेठ अशीच पुन्हां पुन्हां पाण्याखालीं गेली आणि पलीकडचीं शंभरांहून अधिक गांवें तुटलीं. स्थानिक पाऊस पाहून नदीचा अंदाज बांधणारा येथें चुकतो, कारण त्याचा पूर दुसऱ्या राज्यांतून निघालेला असतो.

पुलावरून पाणी वाहत असतां ‘गुडघाभरच तर आहे’ असें म्हणून गाडी घालणारे लोक असतात. वाहतें पाणी तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, चढलें कीं लहान मोटार तरंगूं लागते. दोन फूट पाणी बहुतेक मोटारींना बाजूला ओढून नेऊं शकतें. पाण्याखालीं पुलाचा कठडा शाबूत आहे कीं नाहीं हें वरून दिसत नाहीं. स्थानिक एस. टी. चालक थांबला असेल तर आपण थांबावें. तो रोज जाणारा आहे आणि त्यालाहि घरीं जावयाचें आहे.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नद्या शांत असतात, रान हिरवें असतें आणि हवा सुखाची असते. फेब्रुवारीनंतर साग पानें टाकूं लागतो आणि मार्च-एप्रिलांत ज्या सावलीची आपण शहरांत बसून कल्पना केलेली असते ती रस्त्यावर पुष्कळ ठिकाणीं नसतेच. पण या दिवसांत मोहाचीं फुलें पडतात. तीं वेंचावयास बायका आणि मुलें टोपल्या घेऊन अगदीं पहांटे झाडाखालीं जमतात, आणि कधीं कधीं त्यांच्याहि आधीं अस्वल येऊन गेलेलें असतें. पहांटे या रानांतून जाणारानें त्या दिवसांत वेग आणखी कमी ठेवावा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडांतून आलेले रानहत्ती गडचिरोली जिल्ह्यांत वावरूं लागले आहेत. हत्ती रस्त्यावर दिसला तर खालीं उतरूं नये, कर्णा वाजवूं नये; दूर थांबावें, जरूर तर गाडी मागें घ्यावी, आणि छायाचित्राचा मोह आवरावा.

आलापल्लीविषयीं दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. सागाच्या व्यापारांत या गांवाचें नांव फार जुनें आहे. येथून भामरागडच्या वाटेवर ‘वनवैभव’ म्हणून राखलेला रानाचा एक तुकडा आहे. तेथें कुऱ्हाड चालूं दिलेली नाहीं. पडलेलें झाडहि पडल्या जागीं कुजूं देतात. २०१४ सालीं तो राज्यांतील पहिलें जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. जातांना तेथें थांबूं नये, नाहीं तर हेमलकशाचा वेळ जातो. येतांना थांबूं नये, नाहीं तर उजेड जातो. आलापल्लीस मुक्काम करणारास मात्र तो सकाळीं निवांत पाहतां येतो. एक दिवसाच्या बेताला हा एक दंड आहेच.

हेमलकशास काय पाहावयाचें? तेथें राजवाडा नाहीं, धबधबा नाहीं. सत्तरीच्या आरंभीं बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या सहलीस आले होते. त्या सहलींत माडिया गोंडांची उपासमार आणि आजारपणें पाहून वैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या प्रकाश आमट्यांनीं येथें येण्याचें ठरविलें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं प्रकल्प सुरू झाला. पुढें प्रकाश शस्त्रक्रियेचें उच्च शिक्षण अर्धें टाकून आले. त्यांच्या पत्नी मंदाकिनी भूलशास्त्राच्या जाणकार. त्या काळीं नाल्यांवर पूल नव्हते, आणि पावसाळ्याचे कित्येक महिने हें ठिकाण बाहेरच्या जगापासून तुटलेलें असे. १९७६ सालीं निवासी शाळा निघाली. एका मेलेल्या माकडिणीच्या अंगाला बिलगलेलें पिलूं शिकाऱ्यांकडून मागून घेतलें, त्यांतून अनाथ वन्य प्राण्यांचें आश्रयस्थान उभें राहिलें. पण या सगळ्याचा गाभा म्हणजे दवाखाना. पाहुणे येतात तेव्हांहि तो चालूच असतो. तापानें फणफणलेलें मूल, अस्वलानें फाडलेला मनुष्य, अडलेली बाई यांना आजहि दूरच्या पाड्यांवरून कधीं खाटेवर घालून खांद्यावर वाहून आणावें लागतें.

म्हणून जाण्यापूर्वीं तेथें कळवून, कोणत्या वेळीं यावें हें विचारून जावें. तेथल्या लोकांनीं सांगितलेली वेळ आपल्या वेळापत्रकाशीं जुळत नसेल तर वेळापत्रक आपलें बदलावें. रुग्णांचीं छायाचित्रें घेऊं नयेत. गांवांतून जातांना मोटारीच्या खिडकींतून मुलांकडे चॉकलेटें फेंकण्याची एक नवी चाल मी पाहिली आहे. दान म्हणून ती ओंगळ आहे आणि रस्त्यावर मुलें धांवावयास लावणारी म्हणून धोक्याची आहे. कांहीं द्यावयाचेंच असेल तर प्रकल्पाच्या कचेरींत द्यावें. आणि वाटेंत थांबतांना मोटार पुलावर किंवा वळणावर कधीं उभी करूं नये. हीच वाट अहेरीस, गडचिरोलीस, चंद्रपुरास हलवावयाच्या रुग्णांची आहे. दुसरी वाट त्यांना नाहीं. आपण अर्ध्या रस्त्यांत गाडी लावून सागाच्या पानांचें छायाचित्र घेत असतांना मागून रुग्णवाहिका येऊन थांबली, तर तिच्यांतल्या माणसाचे गेलेले मिनिट आपण कोठून भरून देणार?

१९८० नंतर या भागांत नक्षलवाद्यांचा वावर सुरू झाला आणि अनेक वर्षें त्याची छाया प्रवासावर राहिली. अलीकडे ती पुष्कळ ओसरली. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यांच्या एका बड्या नेत्यानें साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. पोलिसांचीं ठाणीं वाटेवर आहेत. कोणी थांबवून विचारपूस केली तर सरळ उत्तर द्यावें, ओळखपत्र जवळ असावें, आणि मुख्य रस्ता सोडून आडवाटांनीं भटकूं नये. याहून अधिक भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

गाडीविषयीं थोडक्यांत सांगतों. टाकी चंद्रपुरास भरावी आणि आलापल्लीस पुन्हां पुरी करावी. लिटरामागें १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीस एकूण २४ लिटर लागतात; खराब रस्ता आणि आडवळण धरून ३० लिटरांची तजवीज असावी. जास्तीचें चाक बरोबर असतें सर्वांच्याच, पण त्यांत हवा किती आहे हें कोणी पाहत नाहीं. तें आदल्या दिवशीं पाहावें, आणि जॅक व पाना घरच्या अंगणांत एकदां वापरून पाहावा. ओढण्याचा दोर, विजेरी, माणशीं दोन लिटर पाणी, फराळ, प्रथमोपचाराची पेटी आणि रोख पैसे जवळ ठेवावे. जेथें फोनला लहर नाहीं तेथें फोनवरून पैसेहि देतां येत नाहींत. वाटेचा नकाशा फोनमध्यें आधींच उतरवून घ्यावा आणि जरूरीचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावे. आलापल्लीहून पुढें निघतांना घरीं एक फोन करावा आणि ‘संध्याकाळीं सहापर्यंत पुन्हां फोन आला नाहीं तर अमुक ठिकाणीं चौकशी करा’ असें सांगून ठेवावें. मध्यंतरीं फोन लागला नाहीं म्हणून घरच्यांनीं घाबरूं नये, हेंहि त्याच वेळीं सांगावें.

तीन वाजतां हेमलकसा सोडण्याचें आणखी एक कारण आहे. गडचिरोली हा हिंवतापाचा जिल्हा आहे आणि त्यांतहि भामरागडकडचा भाग अधिक. हा ताप पसरविणारे डांस संध्याकाळपासून पहांटेपर्यंत चावतात. दिवसाउजेडीं निघणारास त्यांचा उपद्रव कमी होतो, नाहींसा होत नाहीं. पुऱ्या बाह्यांचे कपडे घालावे, उघड्या अंगास डांस न बसणारें मलम लावावें. डांस चावल्यापासून हिंवताप अंगांत प्रकटावयास आठवडा तरी लागतो, पुष्कळदां त्याहून अधिक. आणि तोंवर सहल विसरून गेलेली असते. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत घरांत कोणास थंडी वाजून ताप आला, तर आपल्या डॉक्टरांस पहिल्याच भेटींत सांगावें कीं अमुक तारखेस आम्ही भामरागड तालुक्यांत होतों, आणि त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें.